स्पॅमच्या शब्दांची ‘एकच फाइल’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नाशिकमधील लघुउद्योजकांच्या आणि द्राक्ष निर्यातदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. लिनक्सवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांना त्यात असे सांगितले आहे की, स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामची लोकल.सीएफ ही एक फाइल, मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडने उघडली की सर्व्हर अडवत असलेले सगळे शब्द दिसतात. तिच्यात नसलेला शब्द अडवला जात नाही, आणि असलेला शब्द मेलमध्ये आला की तो मेल स्पॅममध्ये जातोच. कमांड निरुपद्रवी आहे, पण तिच्या आधारे काढलेले तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

एकाच फाइलचा दावा लगेच निकालात निघतो. कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमधील, नावाच्या शेवटी सीएफ असलेल्या सगळ्याच फाइली स्पॅमअसॅसिन वाचतो, मूळ नियम वेगळ्या जागी असतात, आणि वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये यूजर प्रेफ्स नावाची आणखी एक फाइल असू शकते. शिवाय पोस्टफिक्स या मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्राममध्ये हेडर चेक्स किंवा बॉडी चेक्स (मेलचा शीर्षभाग किंवा मजकूर तपासणारे नियम) लावलेले असतील, तर मेल स्पॅमअसॅसिनपर्यंत पोहोचण्याआधीच नाकारला जाऊ शकतो; ते पाहायचे तर पोस्टफिक्सची सेटिंग दाखवणाऱ्या ‘पोस्टकॉन्फ’ कमांडला एन हा पर्याय द्यावा लागतो.

फाइलीत नसलेला शब्द अडवला जात नाही हा दुसरा दावा मात्र घातक आहे, आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात तर विशेषच. फाइलीत नुसते शब्द नसतात, नियम असतात, आणि नियमात रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायच्या अक्षरांचा नमुना, असते. समजा, अश्लील मेल रोखण्यासाठी कोणी बलात्कार या अर्थाचा ‘रेप’ हा इंग्रजी शब्द बॉडीच्या नियमात घातला आणि शब्दाची सीमा दाखवणारी बॅकस्लॅश-बी ही खूण दोन्ही बाजूंना द्यायचे राहून गेले. ‘ग्रेप्स’च्या स्पेलिंगमध्ये ती चार अक्षरे सलग येतात, त्यामुळे निफाड किंवा पिंपळगावच्या निर्यातदाराचे कोटेशन, पॅकिंग लिस्टचा मेल, कंटेनरची चौकशी, या सगळ्यांना तो नियम लागू पडेल. आता त्याने संदेशात सांगितल्याप्रमाणे फाइलीत ‘ग्रेप्स’ हा शब्द शोधला तर काहीच सापडणार नाही, आणि सर्व्हर निर्दोष आहे असे समजून तो परदेशातील खरेदीदाराला बोल लावत बसेल.

सर्व्हर स्वतः शिकतो त्या शब्दांची गोष्ट आणखी वेगळी. आधीच्या मेलमधील शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणाऱ्या ‘बेज’ या भागाच्या डेटाबेसमधील नोंदी ‘एसए-लर्न’ कमांडने बाहेर काढून पाहता येतात, परंतु आवृत्ती 3.0 पासून तेथे शब्दांऐवजी त्यांचे हॅश (ज्यांवरून मूळ शब्द कळत नाही असे संकेत) साठवले जातात, म्हणजे ती यादी डोळ्यांनी वाचता येत नाही.

फाइलीतला शब्द आला की मेल स्पॅममध्ये जातोच, या तिसऱ्या दाव्यात नियमागणिक मेलला मिळणाऱ्या गुणांचा विचारच नाही. गुण न दिलेल्या साध्या नियमाला स्पॅमअसॅसिन 1 गुण धरतो आणि मेल स्पॅम ठरण्याची मूळ मर्यादा 5 गुणांची असते. म्हणजे वरचा सदोष नियम एकटा मेल अडवत नाही, इतर नियमांचे गुण त्यात मिळाले की अडवतो. एकाच ग्राहकाचे काही मेल पोहोचतात आणि काही गायब होतात, या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा हीच बेरीज असते. त्यातही स्पॅमअसॅसिन फक्त शिक्का मारतो. मेल कोणत्या फोल्डरमध्ये टाकायचा हे पुढची यंत्रणा ठरवते.

म्हणून फाइल उघडण्यापूर्वी अडकलेला मेल मूळ स्वरूपात, हेडरसह सेव्ह करावा आणि ‘स्पॅमअसॅसिन’ कमांडला लहान टी हा पर्याय देऊन तो तिच्याकडे पाठवावा. अहवालात प्रत्येक ओळीवर गुण, नियमाचे नाव आणि वर्णन येते. त्यातील संशयास्पद नाव घेऊन मगच सगळ्या सीएफ फाइलींत शोध घ्यावा. ही चाचणी रूट या सर्वाधिकार असलेल्या खात्यातून करू नये, कारण तेव्हा रूटची यूजर प्रेफ्स आणि रूटचाच बेज डेटाबेस वापरला जाण्याची शक्यता असते. ज्या खात्याखाली मेलची तपासणी प्रत्यक्ष होते, त्याच खात्यातून ती करावी.