द्राक्षाला बी नाही, यात सुनेचा काय दोष?

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले तर किलोभर सोनाका द्राक्षं म्हशीच्या गव्हाणीत पडलेली. का गं, म्हणून विचारलं तर तिनं मोबाइलच पुढे केला. ‘बिनबियांची सगळी फळं जीएम असतात. परदेशी कंपन्यांनी त्यात टर्मिनेटर जनुक घातलंय. ज्या फळाला स्वतःला बी नाही, ते खाऊन बाईची कूस कशी उजवणार? दहा जणांना पाठवा.’ मावशीच्या सुनेच्या लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. आणि तिला द्राक्षं आवडतात. झालं, गुन्हेगार सापडला!

आधी ते ‘सगळी जीएम’ बघू. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं पीक. भारतात व्यापारी लागवडीला मोकळं झालेलं जीएम पीक आजवर एकच, २००२ सालचं बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीनं होकार दिला होता, तरी २०१० मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. जीएम मोहरी कोर्टात अडकली आहे. द्राक्षाचं नाव या यादीत कुठेच नाही.

बिनबियांचं थॉम्पसन सीडलेस कॅलिफोर्नियात रुजलं १८७०च्या दशकात. जनुकं कापून जोडायचं तंत्र आलं १९७३ मध्ये. आणि ‘परदेशी कंपनी’ म्हणाल तर सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजची. थॉम्पसनमध्ये आपोआप झालेला बदल हेरून नानासाहेब काळे या बागायतदारानं ती वाढवली. खात्री करायची तर एक द्राक्ष उभं चिरा. मधोमध तिळाएवढा मऊ, पांढुरका ठिपका दिसेल. तेच बी. धरतं, पण वाढ अर्ध्यावर थांबते. म्हणून वेल कलमानं लावतात. बिनबियांच्या कलिंगडाची गंमत वेगळी. ४४ आणि २२ गुणसूत्रांच्या झाडांचा संकर केला की ३३चं रोप येतं. विषम आकडा, जोड्या जमत नाहीत, बी धरत नाही.

आता कूस. इथे माझं डोकंच फिरलं. बिनबियांचं खाऊन मूल होत नसेल, तर वांग्यात बियाच बिया. भरली वांगी खाणाऱ्या घरात जुळी-तिळी का नाहीत? आणि केळ्याला कुठे बी असते? सह्याद्रीतल्या रानकेळीत दगडासारख्या काळ्या बिया निघतात, आपल्या केळ्यात नुसते ठिपके. डोहाळजेवणाला पाच फळांनी ओटी भरता तेव्हा त्यात केळं असतंच ना? भाकरीतून ज्वारीची जनुकं रोज पोटात जातात आणि तिथेच पचतात. कुणाला कणीस फुटलेलं ऐकलं नाही.

सुनेच्या तीन सोनोग्राफ्या झाल्या. मावसभावाची वीर्यतपासणी? एकदाही नाही. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, पूर्ण नाहीतर काही अंशी. मी हे बोलले आणि मावशी चहा टाकायला उठली. सून आत भांडी लावत होती, तो आवाज मात्र थांबला.

टर्मिनेटरचं थोडक्यात सांगते. पिकातून निघालेलं बी पुन्हा उगवूच नये, अशी ती जनुकांची करामत. पेटंट निघालं १९९८ मध्ये, पण ते बियाणं बाजारात कधी आलंच नाही. आपल्या २००१च्या पीक वाण कायद्यात असल्या वाणाची नोंदणीसुद्धा होत नाही.

बरं, यात खरं काहीच नाही का? आहे थोडं. कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कारण ते संकरित आहे, दुसऱ्या पिढीत गुण टिकत नाहीत. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यानं ते भोगलं. यावर कंपन्यांना आणि सरकारला धारेवर धरा, मीही येते. आणि जीएम पिकातलं काही आपल्या घरात येतं तेही खरं: सरकीचं तेल, आयातीचं सोयाबीन तेल आणि गोठ्यातली सरकी पेंड.

ती पेंड मावशीची म्हैस रोज दोन वेळा खाते, वर आता सुनेची द्राक्षंही. चौथ्या वेताची गाभण आहे.