तळ्याच्या आधी गाडी थांबवा

जुलै उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरच्या गर्दीचा व्हिडिओ येतो. कोणी लिहितं, 'आपल्या लोकांना शिस्तच नाही.' कोणी म्हणतं, 'सरकारला बंदीशिवाय दुसरं काही सुचतं का?' आणि मग माझ्याकडे मोर्चा वळतो, 'तुमच्या कॅनडात बघा कसं असतं!' मी कॅल्गरीत राहतो, उन्हाळ्यात पाहुणे आले की त्यांना बॅन्फ नॅशनल पार्कात घेऊन जातो, तेव्हा मला साक्षीला बोलावणं रास्तच आहे. पण माझी साक्ष दोन्ही पक्षांना पचत नाही.

बॅन्फमधल्या मोरेन लेकचंच बघा. दहा शिखरांच्या कुशीतलं, १८०० मीटरपेक्षा जास्त उंचीवरचं हे तळं. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्यावर ऊन पडलं की पाणी असं निळं दिसतं की फोटोत रंग भरलाय असं वाटावं. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर हेच दृश्य होतं. आता इथल्या 'शिस्तीच्या' लोकांनी या तळ्याचं काय केलं? पहाटे तीन-चारला उठून गाड्या हाणल्या. वाहनतळ इवलासा, तो उजाडायच्या आत भरायचा. मागून आलेल्यांना रस्त्याच्या तोंडावरूनच माघारी पाठवायचे. शेवटी राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेने २०२३ पासून त्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद केल्या. दिव्यांगांचा परवाना असलेल्या गाडीला सूट, सायकलवाल्याला मुभा. बाकी सगळ्यांनी गाडी खाली लावायची आणि बसने वर जायचं. पार्कच्या बसला मोठ्या माणसाला आठ डॉलर, म्हणजे पाचएकशे रुपये, मुलं फुकट.

म्हणजे स्वभाव कोणाचाच सुधारला नाही. तळं तिथंच राहिलं, माणसंही जातातच. फक्त गाड्या थांबल्या.

याची किंमतही सांगायला हवी, कारण परदेशातून लिहिणारे ती सहसा सांगत नाहीत. 'चल रे, रविवार आहे, ऊन पडलंय, निघू या' हे संपलं. बसच्या काही जागा वसंतातच विकल्या जातात, उरलेल्या दोन दिवस आधी सकाळी आठला खुल्या होतात, आणि तेव्हा ज्याच्या हातात फोन आणि खिशात क्रेडिट कार्ड आहे त्यालाच तळं दिसतं. पुण्याहून आलेल्या मावशीला हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात. 'देवदर्शनाला रांग असते ते ठाऊक होतं, तळ्याच्या दर्शनालाही?' हा तिचा प्रश्न. वर गेल्यावर होडी वल्हवायची तर भाडं ऐकूनच माणूस काठावर बसतो.

आणि सुरक्षितता? काठाला कठडा नाही, जीवरक्षक नाही, पाणी हाडं गोठवणारं. तिथूनच वर लार्च व्हॅलीची वाट जाते. अस्वलांचा वावर असेल तेव्हा चार जणांच्या घोळक्याशिवाय तिथं जायला मनाई असते. धोका काय आहे हे पाटीवर लिहिलेलं असतं, पुढचं तुम्ही बघायचं. हे आपल्याकडे जसंच्या तसं चालणार नाही, कारण आपला धोका वेगळा आहे. ३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते घाटमाथ्यावरच्या पावसाने पाहता पाहता वाढलेल्या लोंढ्यामुळे. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने जुलैभरासाठी अनेक ठिकाणी मनाई आदेश काढले. पुढच्या वर्षी जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चौघे दगावले. धोक्याच्या दिवशी बंदी हवीच. माझा आक्षेप आहे तो बंदी आणि मोकाट सोडणं यांच्या मध्ये काहीच नसण्याला.

खरं तर मधलं काही शिकायला बॅन्फपर्यंत यायचीही गरज नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर ई-रिक्षाने. तिथल्या शार्लट तलावाकाठी मोटारीचा हॉर्न ऐकू येत नाही. कासला फुलांच्या हंगामात रोज ठरावीक माणसांनाच प्रवेश, ऑनलाइन नोंदणी, आणि सगळी व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर बघतात. मग लोणावळ्यालाच काय अडचण आहे? भुशी धरण मुळात रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं, स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर, आणि पुण्याहून लोकल थेट लोणावळ्यापर्यंत येते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धरणाचा रस्ता खासगी गाड्यांना बंद करून स्टेशनवरून बस सोडली, तर वर किती माणसं आहेत हे निदान मोजता येईल. पाऊस वाढला की बस थांबवता येईल. आज पोलिसाला अडकलेल्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत वर जावं लागतं.

विरोध होणारच. आवारात गाड्या लावून पैसे घेणारे ओरडतील, भजी-मक्याच्या टपऱ्यांवरचे लोक घाबरतील. टपरीवाल्यांची भीती मला खरी वाटते. मोरेनला एका लॉजपलीकडे धंदा करायला कोणी नाही, तेव्हा तिथला नियम करणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नाही. लोणावळ्याला मात्र टपऱ्या जिथं बस थांबेल तिथं, छपराखाली, पक्क्या जागेवर आधी बसवाव्या लागतील, आणि गाड्या त्यानंतर बंद कराव्या लागतील. बसच्या तिकिटातला वाटा गावाला कसा द्यायचा, हे कासच्या समित्यांना विचारता येईल.