लाँच पॅडवरचं पाणी आग विझवायला नसतं

‘रॉकेट उडताना पॅडवर लाखो लिटर पाणी सोडतात ते आग विझवायला, पांढरा लोट म्हणजे धूर, आणि काँक्रीट भक्कम असेल तर पाणी लागतच नाही,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी आगीचं. बूस्टरच्या, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या जोडरॉकेटच्या, घन इंधनातच ऑक्सिजन पुरवणारं रसायन कालवलेलं असतं. वरून कितीही पाणी ओता, ती ज्वाला विझणार नाही. पाणी असतं ते मुख्यतः आवाजासाठी. इंजिनांतून निघणाऱ्या तप्त वायूंच्या झोताचा आवाज उड्डाणाच्या मंचावर आपटून यानाकडे परततो, आणि त्या हादऱ्यांनी आतला उपग्रह निकामी होऊ शकतो. थेंब झोतात शिरले की झोत मंदावतो, त्यांची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि ध्वनीची काही ऊर्जाही तिथेच जिरते.

अमेरिकेतल्या केनेडी अंतराळ केंद्रात स्पेस शटल या अंतराळयानाच्या पॅडशेजारी ८८ मीटर उंच टाकी होती, त्यात सुमारे ११ लाख लिटर पाणी. उड्डाणाच्या १६ सेकंद आधी झडपा उघडत आणि केवळ उंचीच्या जोरावर ४१ सेकंदांत टाकी रिकामी होई. यान साधारण ९० मीटरवर असताना आवाज सर्वाधिक असे. ३०० मीटरनंतर त्याचा त्रास उरत नसे. म्हणून एवढाच वेळ पुरे.

पाणी नेमकं कुठे पडतं, यावर सगळं अवलंबून आहे. १२ एप्रिल १९८१ च्या पहिल्या शटल उड्डाणात पाणी होतंच. तरी बूस्टर पेटताक्षणी उठलेली दाबलहर उलटून आली. कोलंबिया या शटलच्या उष्णतारोधक आवरणातल्या १६ टाइल्स गळाल्या, १४८ खराब झाल्या. पुढच्या उड्डाणाआधी मंचातल्या बूस्टरखालच्या भोकांत थेट झोतावर पाणी सोडायची सोय झाली, आणि भोकांवर पाण्याच्या पिशव्या ताणून बसवल्या गेल्या.

पांढरा लोट बराचसा वाफेचा असतो. पण ‘नुसती वाफ’ म्हणणंही चूक आहे. घन बूस्टर असतील तर त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड असतं. पॅडवरचं पाणी त्याने आम्लधर्मी होतं.

राहिलं काँक्रीट. २० एप्रिल २०२३ ला टेक्सासमध्ये स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप हे महाकाय रॉकेट पाण्याच्या यंत्रणेविना, उष्णतारोधक काँक्रीटवरून उडालं. झोताने ते फोडलं, खाली खड्डा पडला, तुकडे दूरवर उडाले. मग तिथे भोकं असलेली जाड पोलादी प्लेट बसवली, जिच्यातून दाबाने पाणी वर, झोताच्या तोंडावर येतं. १८ नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणानंतर पॅड शाबूत होता.