दिव्यांग व्हा, पण बेतानं!

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा म्हणताय? मग आधी सांगा, किती टक्के गेलंय? एकोणचाळीस? मग तुम्ही ठणठणीत आहात. यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, पांढरं कार्ड मिळेल, ते पाकिटात छान दिसतं. अनुदानाला चाळीस लागतात. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेत, म्हणजे निवडीला भरपूर वाव आहे. फक्त दुरून दिसेल असं काहीतरी घ्या. हिमोफिलिया, थॅलेसेमिया यादीत आहेत खरे, पण खिडकीपलीकडचे भाऊसाहेब आधी तुमच्या पायांकडे बघतात. "चालताय की चांगले!"

आता उत्पन्न. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाला ५०,००० च्या आत हवं. हिशेब आत्ताच करून ठेवा. रोजचे १३६ रुपये चालतील. १३७ झाले, की वर्षाअखेर पाच रुपये वर जातात आणि तुम्ही सुखवस्तू ठरता. बायको खुरपणीला जात असेल तर तिला हे नीट समजावा. पोरानं सुट्टीत गॅरेजवर चार पैसे कमावले, तर बापाच्या अनुदानावर उठलाय म्हणून दोन शब्द सुनवा. मग तलाठ्याकडून तहसीलदारांच्या दाखल्याकडे वळा. आणि हो, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावाही लागतो.

कचेरी वरच्या मजल्यावर असेल तर कुरकुर नको. जुन्या सरकारी इमारती सुगम करायला कायद्यानं पाच वर्षं दिली होती, ती २०२२ सालीच संपली. रॅम्प झालाय की! त्यावर मोटारसायकली लावल्यात, आणि तो संपतो तिथे वीतभर उंचीची पायरी आहे, एवढंच.

लबाडी मात्र करू नका. खोटेपणानं लाभ घेतला तर त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. महिना अडीच हजार अनुदान धरलं तर नुसता दंड फेडायलाच चाळीस महिने लागतील. इथंही चाळीसच.

अर्ज अडकला तर कुणीतरी वकिलाचं नाव काढेल. कानावर हात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांगाला मोफत वकील मिळतो, तोही उत्पन्न न विचारता. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी समिती असते. असल्या फुकटच्या गोष्टीवर शहाण्यानं विश्वास ठेवू नये. त्यापेक्षा सेतू केंद्राबाहेरचा एजंट बरा. तो टक्केवारी विचारत नाही, स्वतःची सांगतो. पहिला हप्ता त्याचा, पुढचे देवाच्या मनात असतील तसे.

शिवाय वकील भारी आगाऊ असतात. पोच कुठंय, विचारतात. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी द्या म्हणतात. लेखी! "त्रुटी आहे, सोमवारी या" एवढं तोंडी सांगून साहेब इतकी वर्षं गुण्यागोविंदानं कारभार चालवतायत, त्यांच्यापुढे कागद सरकवायचा? तुम्ही आपले सोमवारी जा. कुठला सोमवार, ते विचारू नका.