लांब उडीचा खड्डा

नातू तिसरीत आहे. परवा शाळेतून आला आणि दारातच टाच आपटून मला सॅल्यूट ठोकला. हात कपाळाला नाही, कानाला. म्हटलं, "कुणी शिकवलं रे हे?" तर म्हणे, "आजोबा, आम्हाला आता मिलिटरी ट्रेनिंग होणार, व्हॅनवाले काका सांगत होते."

व्हॅनवाल्या काकांची बातमी जुनी होती, पण अगदीच खोटी नव्हती. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि लगेच जूनमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचं जाहीर केलं. शिकवायला माजी सैनिक, क्रीडा शिक्षक, एनसीसी, स्काउट-गाइड. तेव्हा आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये जो तो टाळ्या वाजवत होता. मी गप्प बसलो होतो. नातवाचा सॅल्यूट बघितल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

कॉमेंटमध्ये देशप्रेम काढण्याआधी एवढं ऐका. मी एनसीसीचा कॅडेट होतो. 'ए' सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, ट्रंकेत तळाशी, एका कोपऱ्याला कसर लागलेलं. आणि ते शांततेच्या काळातलं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये मी साताऱ्यात एका मुलांच्या शाळेत नववीत होतो.

शाळेचं नाव घेत नाही, का ते पुढे कळेल.

साताऱ्याच्या पोरांना त्या काळात मिलिटरी शिकवावी लागत नसे, ती घरातच असायची. दर दोन-चार घरांमागे एक जण पलटणीत. आमच्या वर्गात अपशिंगे मिलिटरीचा एक पोरगा होता, मामाकडे राहून शिकायचा. त्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, आणि पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, त्यांची आठवण म्हणून इंग्रजांनी बसवलेला दगड गावात आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला निघालं तेही आमच्याच गावात. बासष्टला चीनचं युद्ध झालं आणि आपले यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हापासून तर साताऱ्यातला प्रत्येक न्हावी युद्धनीतीवर बोलू लागला होता.

त्यामुळे ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि आम्हाला चेव चढला. मुंबई-पुण्यात ब्लॅकआउट होता. साताऱ्यावर कोण कशाला बॉम्ब टाकतंय? पण आमची हौस दांडगी. शनिवारी परेड संपल्यावर मास्तर ऑफिसात गेलेत असं बघून आम्ही दहा-बारा कॅडेटांनी खंदक खणायला घेतला. मैदानाच्या कडेला लांब उडीचा खड्डा होता. तिथली माती आधीच भुसभुशीत, म्हणून तोच निवडला. वाळू उपसून बाजूला टाकली, खाली गुडघाभर खणलं, वरून शेवरीच्या फांद्या घातल्या. दोघं आत बसले, बाकीचे विमान झाले.

मास्तर आले. आमचे कवायतीचे मास्तर म्हणजे मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. पोरांनी कितीही खोदून विचारलं तरी इटलीबद्दल एकच वाक्य बोलायचे, "थंडी लई हुती." पुढे काही नाही.

त्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं. आम्हाला वाटलं, शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "सोमवारी मॅचेस हायत. उडी कुठं मारायची पोरांनी, तुमच्या बोडक्यावर?" मग आम्ही खंदक बुजवला. नुसता बुजवला नाही. वाळूत माती मिसळली होती, ती सगळी चाळायला लावली. दोन चाळण्या मिळाल्या, पोरं बारा. दिवेलागणीपर्यंत आम्ही लांब उडीची वाळू चाळत होतो, आणि मास्तर कडेला मोडक्या खुर्चीवर बसून शिट्टीची दोरी गुंडाळत आणि सोडत होते.

तेव्हा फार राग आला होता. देशात युद्ध चाललंय आणि ह्या माणसाला लांब उडीचं पडलंय!

पण त्या सगळ्या पंधरवड्यात त्यांनी मैदान असंच राखलं. आंतरशालेय सामने पुढे ढकलावेत असं काही शिक्षकांचं म्हणणं होतं. मास्तर म्हणाले, होतील. हुतूतू झाला, खो-खो झाला, मल्लखांबाला तेल लागलं. परेड नेहमीसारखी बुधवारी आणि शनिवारी, त्यापेक्षा एक तास जास्त नाही. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल. बक्कल ब्रासोनं घासलेलं हवं, बुटात तोंड दिसायला हवं. गोळीबार म्हणाल तर पॉइंट टू टू रायफल आणि माणशी पाच गोळ्या. माझ्या पाचातली एक टार्गेटला लागली, तीही शेजारच्याच्या.

युद्धासाठी म्हणून एकच काम त्यांनी जास्तीचं लावलं. रविवारी सकाळी दोघा-दोघा कॅडेटांनी गोडोली, करंजे, सदर बझार अशा भागांत जायचं, ज्या घरातला माणूस फ्रंटवर आहे तिथं बसायचं आणि पत्र लिहून द्यायचं. इनलँड पत्रं मास्तर स्वतःच्या पैशानं आणायचे. पत्ता ठरलेला: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल ऑफिस. माणूस नेमका कुठं आहे ते त्यावरून कळायचं नाही. जायच्या आधी आम्हाला उभं करून हुकूम दिला, "ती माउली सांगंल तेच लिवायचं. आपली अक्कल घालायची न्हाई. रडली तर इकडंतिकडं बघायचं न्हाई, कागदाकडं बघायचं."

माझ्या वाट्याला करंज्याची एक म्हातारी आली. धाकटा मुलगा पूर्वेकडे. घराच्या मागची भिंत पावसाळ्यात पडलेली, तिथं तरटाचा पडदा. म्हातारी चुलीपुढे बसून सांगत होती आणि मी पाटावर कागद ठेवून लिहीत होतो. "लिव्ह, इकडं समदं ब्येस हाय. म्हस व्याली, रेडी झाली. भित बांदून घेतली." मी थांबलो. भिंतीकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. ती म्हणाली, "लिव्ह की. बांदली म्हनून लिव्ह." लिहिलं. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही, फुंकणीनं निखारे इकडचे तिकडे करत राहिली. शेवटी म्हणाली, "पायात मोजं घाल म्हनाव." एवढंच. खाली तिचा अंगठा.

तिच्या मुलाचं उत्तर जानेवारीत आलं. तो ठीक होता. पत्रात आईला विचारलं होतं, हे कुणाकडून लिहून घेतलंस, अक्षर फार घाण आहे. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. अक्षराचं वाक्य तेवढं गाळलं.

तर १६ डिसेंबर. गुरुवार होता. दुपारनंतर आमची हुतूतूची फायनल. उत्तरार्धात कुठून तरी ओरडा आला, राजवाड्याकडून एक जण सायकल दामटत आला, ढाका पडलं, ढाका पडलं! प्रेक्षक मैदानात घुसायला लागले. आमचा खेळाडू त्या वेळी समोरच्यांच्या हद्दीत, दम लावून. मास्तर पंच होते. त्यांनी हात आडवा करून गर्दी रेषेवर थोपवली आणि ओरडले, "चढाई पुरी होऊ द्या!" चढाई पुरी झाली. मग पुढची. वेळ संपेपर्यंत सामना झाला, मगच शिट्टी वाजली. ढाका पडलं आणि आम्हीही पडलो, तीन गुणांनी. अपशिंग्याच्या पोराला तर आनंद कशाचा आणि दुःख कशाचं ते कळेना, मैदानावरच बसून रडायला लागला. त्याचे वडील पलटणीत होते, त्यांचं पत्र महिनाभर नव्हतं. (आलं नंतर. माणूसही आला.)

मास्तरांना एकदा विचारलं होतं, लढाई चालू असताना खेळ कशाला? त्यांनी खाशाबांचं उदाहरण दिलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४० ते ४७ कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले. म्हणजे त्यांच्या शाळेची निम्मीअधिक वर्षं महायुद्धात गेली. ४० आणि ४४ ची ऑलिंपिक युद्धापायी झालीच नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं हेही त्यांनी केलं. पण तालीम सोडली नाही. ५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. "लढाई चाललीय, कुस्ती कसली खेळतोस असं कुणी म्हनलं असतं तर?" मास्तर म्हणाले होते. आता खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन आहे. सैन्य दिनही त्याच तारखेला येतो.

हे सगळं गोडगोड वाटेल, तर दुसरी बाजूही सांगतो. मास्तर छडी वापरायचे. दम्याच्या एका पोराला उन्हात सावधानमध्ये उभं केलं, तो कोसळला. त्याची आई शाळेत येऊन जे बोलली ते अजून कानात आहे, आणि ती बरोबर होती. चौदा वर्षांच्या पोरांचं हे, तर सहा वर्षांच्यांचं काय होईल? एनसीसी स्वतः बारा वर्षांच्या आतलं पोरगं घेत नाही. ज्यांचा तो धंदा आहे, त्यांनी काही विचार केलाच असेल ना?

आणि सक्ती म्हणाल तर तीही करून झाली. चीनच्या युद्धानंतर १९६३ ला कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली, अडुसष्टला ती सक्ती गेली. माझा थोरला भाऊ त्या सक्तीतला. हजेरी लागली की अर्धी कंपनी मागच्या गेटनं सिनेमाला, असं तो अभिमानानं सांगतो.

पहिली-दुसरीच्या पोरांना लंगडी घालू द्या, विषामृत खेळू द्या, झाडावर चढू द्या, पडू द्या. कवायत पाहिजेच असेल तर औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार घालून घेतले होते, ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पण त्यालाही जागा लागते आणि शिकवणारा माणूस लागतो. माजी सैनिक जरूर आणा, माझा आक्षेप नाही. फक्त ते येऊन उभे कुठं राहणार, ते आधी बघा. नातवाच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे बेंचच्या मधल्या फटीत उभं राहून हात वर, हात खाली. क्रीडा शिक्षक एकच, तेही गणिताचे तास घेतात.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. अर्ध्या मैदानावर पेव्हर ब्लॉक, त्यावर गाड्या. उरलेलं अर्धं लग्नसराईत भाड्यानं देतात म्हणे, मांडवाच्या खांबांची भोकं अजून तशीच होती. लांब उडीचा खड्डा साधारण कुठं असेल ते मी पावलं मोजून काढलं. तिथं एक पांढरी स्कॉर्पिओ उभी होती. नातवाला म्हटलं, इथं आम्ही वाळू चाळली. त्याला काही कळलं नाही. त्याला गाडी आवडली.

असो. एक काम आहे. डिसेंबर ७१ च्या आमच्या ट्रूपचा एक फोटो निघाला होता, शाळेच्या पायऱ्यांवर, मास्तर मधे खुर्चीत. माझी प्रत २०१९ च्या पावसात भिजून गेली. त्या वेळच्या कुणाकडे किंवा कुणाच्या पोरांकडे असेल तर मोबाईलवर काढून पाठवा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, डोळे मिटलेला, तो मी.