पहिला गौरेतर उपाध्यक्ष : कमला हॅरिस नव्हे, चार्ल्स कर्टिस

‘अमेरिकेच्या पहिल्या गौरेतर उपाध्यक्ष कमला हॅरिस’ हे वाक्य सगळीकडे फिरतंय. ते बरोबर नाही. २०२१मध्ये त्या पहिल्या महिला, पहिल्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या भारतीय वंशाच्या उपाध्यक्ष झाल्या, हे खरंच. पण १९२९ ते १९३३ या काळात हर्बर्ट हूवर यांचे उपाध्यक्ष असलेले चार्ल्स कर्टिस हे कॉ या मूलनिवासी जमातीचे होते.

कर्टिस यांचा जन्म १८६० सालचा, कॅन्सासमधला. आई लहानपणीच गेली. काही वर्षं ते आजोळी, जमातीच्या राखीव प्रदेशात राहिले. घोड्यावर बसायला तिथेच शिकले आणि पुढे शर्यतीत जॉकी म्हणून उतरले. सरकारने जमातीला आजच्या ओक्लाहोमात हलवलं तेव्हा पोरगा सोबत निघाला होता. आजीनेच त्याला टोपेकाला परत जाऊन शाळा शिकायला लावलं. मग वकिली, प्रतिनिधीगृह आणि सेनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचं नेतेपद.

त्यांचं नाव घेताना १८९८चा कर्टिस कायदाही सांगायलाच हवा. त्याने इंडियन टेरिटरीतल्या (आजच्या ओक्लाहोमातला मूलनिवासींचा प्रदेश) जमातींची न्यायालयं बंद केली, सामायिक जमिनीचे तुकडे पाडले. मला ही गोष्ट फार सलते. तरीही त्यांचं नाव यादीतून गाळणं चूकच.