वाऱ्याचं काय ठरलंय?

कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला काही प्रश्न अंगवळणी पाडून घ्यावे लागतात. इन्व्हर्टरची बॅटरी कुठली घेऊ, ग्रहणात जेवलं तर काही होतं का, पोरग्याला नीटला किती पडतील. हे सगळं मी पचवलं. पण उजळाईवाडीहून विमानं नेमानं उडायला लागली आणि रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कुणीतरी गाठायला लागलं, “मॅडम, एवढं जड धूड वर राहतंय कसं ओ?”

विमानतळ काही आजचा नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी तो १९३९ सालीच उभा केला. पण तेव्हा विमानात बसणारी माणसं मोजकी, आणि बहुधा अबोल असावीत. आता पेठेतली निम्मी पोरं हैदराबाद-बंगळूरला नोकरीला आहेत, त्यामुळं सगळी पेठ एरोनॉटिकल झाली आहे.

प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की विचारणाऱ्याकडं उत्तर तयार असतं, मी फक्त मान डोलवायची असते. उत्तर सगळ्यांचं एकच. पंख वरून फुगीर, खालून सपाट. वरच्या हवेला लांबची वाट, खालच्या हवेला जवळची. दोघींनी मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं, म्हणून वरची पळते. पळत्या हवेचा दाब कमी, की विमान वर! शेवटी “बर्नोली” असं एका शास्त्रज्ञाचं नाव घ्यायचं आणि चहा मागवायचा. सुटसुटीत आहे, पाठ होतं, आणि साफ चुकीचं आहे.

घरच्या एका लग्नासाठी आम्ही सगळे हैदराबादला निघालो तेव्हा हे उत्तर माझ्याबरोबर विमानतळावर आलं. ते आणलं होतं भाऊजींनी. माझे धाकटे दीर गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि कुठलीही गोष्ट समजावून सांगताना त्यांना कागद लागतो. आत्यांच्या पिशवीतली लोणच्याची बरणी सुरक्षा तपासणीत अडकली होती, तिच्यावर वाटाघाटी चालू होत्या, तेवढ्यात भाऊजींनी बोर्डिंग पासच्या पाठीवर पंख काढलासुद्धा.

श्रोते होते मामा, म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म उद्यमनगरात फाउंड्रीत गेला. कुणी माप सांगितलं तर स्वतः पट्टी लावल्याशिवाय मानायचं नाही, ही त्यांची तिथली सवय. भाऊजींचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बोट नेमकं ठेवलं.

“दोगं एकाच टायमाला कशापायी पोचत्यात?”

“कशापायी म्हणजे? पोचतात.”

“कुणी ठरीवलंय?”

आमच्या जिल्ह्यात एका निवडणुकीत ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा गाजली, तेव्हापासून कुठल्याही अडचणीवर तोच एक तोडगा आहे. भाऊजींनी तोच काढला. “समजा, त्यांचं ठरलंय.”

आता गप्प बसणं माझ्या पगाराला शोभलं नसतं. मी म्हटलं, “मामा, त्यांचं काहीही ठरलेलं नाही.” केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात, पंखावरून धुराचे तुटक झोत सोडून चित्रीकरणच केलं आहे. समोरून एकत्र निघालेल्या धुराचे पंखाच्या नाकाशी दोन भाग होतात आणि वरचा भाग खालच्याच्या कितीतरी आधी मागच्या कडेला पोचून पुढं निघून जातो. थांबत नाही, मागं वळून बघत नाही. वरची वाट तरी किती लांब? नेहमीच्या पंखात शेकड्याला जेमतेम दोन-तीन. तेवढ्या फरकावर हिशेब केला तर विमान धावपट्टी सोडणार नाही. आणि फुगीर पाठीवरच सगळं अवलंबून असतं, तर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची विमानं उलटी कशी उडतात? पोरं कागदाचं विमान करतात, त्याचा पंख तर दोन्हीकडून सपाट.

भाऊजी हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, ओठांखाली धरली आणि वरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी उचलली गेली. समोरच्या रांगेतल्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तीच पट्टी घेऊन सरळ उभी लोंबती धरली आणि एका बाजूनं खाली फुंकर मारली. तिकडं पळती हवा, इकडं थांबलेली. भाऊजींच्या हिशेबानं पट्टी फुंकरीकडं ओढली जायला हवी होती. जागची हलली नाही. भाऊजींच्या प्रयोगात पट्टीला बाक होता आणि हवा त्या बाकावरून वळत होती. सगळी गंमत वळण्यात आहे.

इथं माझं दुर्दैव सुरू होतं. चुकीचं उत्तर चहा यायच्या आत संपतं, बरोबर उत्तराला माणसानं बसावं लागतं. पंख नाक किंचित वर करून हवेत शिरतो. हवा त्याच्या दोन्ही अंगांना धरून वळते आणि मागून खालच्या दिशेनं निघते. पंखानं हवेला खाली ढकललं, तर हवा पंखाला वर ढकलणार. हा न्यूटन. वळताना पंखाच्या पाठीलगत दाब उतरतो आणि त्या कमी दाबात शिरताना हवा वेग घेते. हा बर्नोली, त्याचं १७३८ सालचं पुस्तक पूर्ण शाबूत आहे. दोघांचं भांडण नाहीच, एकाच गोष्टीचे ते दोन हिशेब आहेत. त्यात “एकाच वेळी पोचायचं” हे कलम मात्र कुणीतरी मागाहून घुसडलेलं.

“म्हणजे हवा खालून धडकते!” शेजारचे एक सफारीवाले गृहस्थ न विचारता म्हणाले. तेही पुरतं नाही. वरच्या बाजूचा उतरलेला दाबच निम्म्याहून जास्त काम करतो. गृहस्थ नाराज झाले. मी त्यांचं सांत्वन केलं की आइन्स्टाइनही इथं घसरला होता. पहिल्या महायुद्धात त्यानं पाठीवर कुबड असलेला पंख सुचवला, एका जर्मन कंपनीनं तो बनवून बघितला, आणि चाचणीच्या वैमानिकाला ते विमान गरोदर बदकासारखं वाटलं. गृहस्थांचा चेहरा खुलला. आइन्स्टाइन आणि आपण एकाच बाकावर, हे कुणाला नको असतं?

मामांना आइन्स्टाइनशी कर्तव्य नव्हतं. “वजन किती म्हणलीस?”

आमचं विमान एटीआर-७२, म्हणजे पुढं पंखे फिरणारं छोटं विमान, पुरतं भरलं की सुमारे २३ टन. पंखांचं क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. मामांनी ओठ हलवत भागाकार केला. “चौरस मीटरला पावणेचारशे किलो. म्हंजे एक म्हस.”

अगदी एक म्हैस. मी सांगितलं की कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाब चौरस मीटरला साडेनऊ टनांच्या आसपास असतो, पंखाला वरूनही आणि खालूनही. दोन्हींत शेकड्याला चारचा फरक पडला की म्हैस उचलली जाते. मामा बराच वेळ छताकडं बघत राहिले. एवढा भार डोक्यावर घेऊन आपण आजवर फिरलो, याचा त्यांना थोडा अभिमान वाटला असावा.

विमानात त्यांना खिडकी मिळाली. एटीआरचा पंख वर असतो, त्यामुळं त्यांना तो खालून दिसत होता. निघायच्या आधी पंखाच्या मागच्या पट्ट्या घरघरत खाली झुकल्या. आत्यांनी स्तोत्र सुरू केलं. मामांनी मात्र माझा दंड दाबला, “बग, हवा खाली वळवाय लागलंय!” अनेक वर्षांच्या नोकरीत कुठल्याही वर्गानं मला इतकं सुख दिलेलं नाही. धावपट्टीवर वेग वाढायला लागला. वेग दुप्पट झाला तर वर उचलणारा जोर चौपट, हे मी ओरडून सांगितलं, पण पंख्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मागून सफारीवाल्यांनी विचारलं, इंजिनं ‘स्टॉल’ झाली तर? विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही, पंखाचं नाक पंधरा अंशांच्या आसपास गेलं की हवा पाठ सोडते, त्याला स्टॉल म्हणतात, असं मी वळून सांगितलं. त्यांना नेमकं हे ऐकू गेलं. हैदराबादपर्यंत ते डोळे मिटून होते.

लग्नात पंगतीला बसलो तर पलीकडच्या रांगेत भाऊजी नवऱ्या मुलाच्या मामांना पेपर नॅपकिनवर पंख काढून दाखवत होते. वरून फुगीर, खालून सपाट. “दोघींना एकाच वेळी पोचायचं असतं बघा.” माणसं तल्लीन. कुणी का म्हणून विचारलं नाही. मी उठायला लागले तशी मामांनी खूण केली, “तू म्हशीचं सांग की.”

सांगितलं. एकसष्ट चौरस मीटर, प्रत्येक मीटरवर एक म्हैस, शेकड्याला चारचा फरक. पंगत एकदम शांत झाली. जिलबीचं ताट घेऊन आलेला वाढपीसुद्धा थांबला. मग नवऱ्या मुलाचे मामा पुढं झुकून म्हणाले,

“दूध किती देत्या ओ?”